कवळीवाल्याची जास्वंद

कुंडी दोन्ही हातांनी छातीशी धरून तो गच्चीच्या कठड्यापाशी आला आणि उन्हाचा पट्टा नेमका कुठे पडतोय ते बघत तसाच उभा राहिला. पट्टा सरकत होता. त्यानं कुंडी खाली ठेवली, जराशी फिरवली, मान वाकडी करून कळीकडे पाहिलं आणि कुंडी पुन्हा उचलली.

"सकाळपासून त्या झाडाला नुसतं मिरवताय," बायको दाराच्या चौकटीत उभी राहून म्हणाली. कामावर न्यायची पिशवी तिच्या खांद्याला होती. "घेरी येईल त्याला."

"तिकडे वारं लागतं."

"काल इथे ऊन लागत होतं."

कळ्या धरलेल्या जास्वंदीची कुंडी हलवू नये हे त्याला कुणी सांगायला नको होतं. उलट गल्लीतल्या निम्म्या लोकांना ते त्यानंच सांगितलं होतं. उबेतलं झाड आहे, एकदा जागा दिली की दिली. पाणी मातीला बोट लावून मगच घालायचं. पिठ्या ढेकूण दिसला तर साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून पुसायचं, औषधांची घाई करायची नाही. आणि सारखं सारखं तिच्याशी खेळत बसायचं नाही. रुसली तर कळ्या टाकते. हे सगळं तो इतक्या ठामपणे सांगायचा की लोक कवळी बसवून घ्यायच्या निमित्तानं त्याला जास्वंदीचं विचारत. पण या एका झाडापुढे त्याचे हात त्याचंच ऐकत नव्हते.

"जाऊबाईंचा परत फोन आला होता," बायको म्हणाली. "तुम्ही अंघोळीला गेला होतात."

त्यानं कुंडी खाली ठेवली.

"रविवारी सकाळी सामानाची गाडी येणार. त्याच दुपारी ते दोघं मुलाकडे निघतायत. परत यायचं नाही म्हणून जातायत. शनिवारपर्यंत येऊन जा म्हणाल्या."

"दादा म्हणाला का तसं?"

"दादा काही म्हणत नाहीत. जाऊबाई म्हणतायत."

"मग झालं तर."

"काय झालं?"

त्यानं खाली वाकून कुंडीतलं एक पिवळं पान खुडलं. "शनिवारी कळी उमलेल. शुक्रवारीही उमलेल कदाचित. ती एकदा उमलू दे."

बायकोनं पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. ती एका तपासणी केंद्रात लोकांचं रक्त काढायची. शीर सापडेपर्यंत घाई करायची नाही, हा तिचा धंद्यातला नियम घरीही चालायचा. ती जिना उतरून गेली.

झाड विकत आणलेलं नव्हतं. ज्यांच्यासाठी तो दात करायचा त्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याच्या कुंपणावर एक पिवळी जास्वंद होती, आणि त्याच्या स्वतःच्या गच्चीत एक गडद लाल, रुंद पाकळ्यांची. पोर्सेलीनच्या दातांवर झिलई चढवायचा बारीक कुंचला घेऊन तो एका सकाळी कुंपणापाशी गेला होता, पिवळीचा पराग कागदाच्या पुडीत घेऊन आला होता आणि लाल फुलातल्या दांड्याच्या टोकावरच्या पाच मखमली ठिपक्यांना तो त्यानं श्वास रोखून लावला होता. बोंड धरायचं आणि आठवडाभरात पिवळं पडून गळायचं. असं कितीदा तरी झालं. अखेर एक टिकलं. ते तडकून बिया उडून जाऊ नयेत म्हणून त्यानं त्याला मलमलचं टोपडं बांधलं. बियांचं कवच टणक, म्हणून कवळीचे दात घासायच्या कानशीनं प्रत्येकीला एक ओरखडा दिला. थोड्या रुजल्या. त्यातली बरीचशी रोपं ओलीनं बुंध्याशी कुजली. हे एक उरलं आणि वाढलं.

बियाणाच्या जास्वंदीचं फूल आईवर जाईल, बापावर जाईल की कुठल्या विसरलेल्या पणजीवर जाईल, हे ते उमलेपर्यंत कुणालाच सांगता येत नाही. आणि उमललं की एक दिवस. संध्याकाळी पाकळ्या मिटून गुंडाळी होते, दुसऱ्या दिवशी ती खाली पडलेली असते.

पहिली कळी गेल्या महिन्यात आली होती. सुपारीएवढी झाल्यावर एका सकाळी ती फरशीवर पडलेली सापडली. देठाच्या सांध्याशी पिवळी पडून गळलेली. त्यानं ती कामाच्या टेबलावर नेऊन पात्यानं उभी चिरली. आत कीड नव्हती, डाग नव्हता, काही नव्हतं. निरोगी कळी होती. त्यानं ती बराच वेळ भिंगाखाली धरली आणि मग केरात टाकली. त्या दिवशी बायकोनं विचारलं, कशानं गळली. तो म्हणाला, हवेनं.

दादानं त्याला हा धंदा शिकवला होता. मेण कितपत तापवायचं, साच्यातलं प्लास्टर हाताला कोमट लागलं की ते बसतंय असं समजायचं, आणि माणसाचे दात कधीही एकसारखे पांढरे करायचे नाहीत, नाहीतर तो हसला की कपाट उघडल्यासारखं वाटतं, हे सगळं दादाचं. दोघं एकाच लांब टेबलाशी बसायचे. दादा खिडकीच्या बाजूला, हा भिंतीच्या.

मग दादाचा उजवा हात कापायला लागला. आधी थोडा. कोरणी मेणाला टेकवताना एक क्षण थांबायचा, एवढंच. नंतर दातांच्या कडांवर बारीक लाटा उठायला लागल्या. दादा ते बोलला नाही आणि यानं विचारलं नाही. संध्याकाळी दादा घरी गेला की हा त्याच्या बाजूचा दिवा लावायचा आणि दादाचं काम पुढ्यात ओढायचा. एक कड सरळ करायची, एक दाढ जरा कलती करायची, हिरडीवरचा ओरखडा मेणानं बुजवायचा. मग ते होतं तिथे, होतं तसं ठेवायचं. डॉक्टरांच्या तक्रारी आल्या नाहीत. कित्येक महिने हे चाललं.

एका सकाळी दादानं आल्या आल्या खुर्चीवर न बसता समोरची कवळी उचलली, शेवटच्या दाढेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "इथे मी काल एक खाच ठेवून गेलो होतो."

तो बर्नर पेटवत होता. त्यानं मान वर केली नाही.

दादानं स्वतःची हत्यारं धुतली, पुसली, कापडात गुंडाळली. अंगातला एप्रन काढून खुंटीला लावला. जाताना दारही हळूच लोटलं. त्याला नऊ वर्षं झाली. पुढे दादा नि वहिनी गाव सोडून दुसरीकडे राहायला गेले. वहिनी आणि बायको फोनवर बोलत राहिल्या. भावाभावांमध्ये एक शब्द गेला नाही.

गुरुवारी कळी बोटाच्या पेराएवढी झाली. तो टेबलाशी बसला, उठला, गच्चीत गेला, मातीला बोट लावून आला, पुन्हा बसला. दुपारी डॉक्टरीणबाईंचा फोन आला.

"तुम्ही पाठवलेली कॅप कुणाची म्हणायची?" त्यांनी विचारलं. "माझ्या पेशंटचा दात जरा पिवळट आहे. ही म्हणजे अंधारात दिसेल."

"पट्टीवरून लावला होता रंग."

"मला वाटतं पट्टी दुसऱ्याच कुणाची होती. तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे. परत पाठवा, करून देतो."

"इतक्या वर्षांत पहिल्यांदाच परत पाठवतेय. म्हणून विचारलं."

त्यानं रंगांच्या नमुन्याची पट्टी खिडकीशी नेऊन धरली. ओळीनं लावलेले दात, पांढऱ्यापासून मळकट पिवळ्यापर्यंत. क्रमांक बरोबर वाचला होता, हात दुसऱ्याच बाटलीकडे गेला होता. त्यानं नवीन पावडर कालवायला घेतली, ती वाळून गेली. पुन्हा कालवली. मग सगळं तसंच टाकून तो गच्चीत गेला. वारं सुटलं होतं. कुंडी उचलावी की नाही या विचारात तो तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून आला आणि शेवटी त्यानं तिच्या वाऱ्याकडच्या बाजूला खुर्ची ठेवून तिच्यावर चादर टाकली. चादर फडफडून कळीला लागायला लागली, तेव्हा ती काढली आणि स्वतःच खुर्चीवर बसून राहिला.

जेवताना बायको म्हणाली, "दादांचं आता जेवणही सांडतं म्हणे. चमचा तोंडापर्यंत जाताना निम्मा रिकामा होतो. पण भरवू देत नाहीत."

त्याचा घास हातात राहिला.

"गेल्या महिन्यात पडले होते, ते तर तुम्हाला माहीतच आहे."

"हं."

"काय अडलंय नक्की?" तिनं विचारलं. आवाज चढलेला नव्हता. सुई टोचण्याआधी ती ज्या आवाजात लोकांना नाव विचारायची, तोच होता. "ते तुम्हाला घराबाहेर काढतील, असं वाटतंय?"

"तसं नाही."

"मग?"

"तो मला बसायला सांगेल," तो म्हणाला. "आणि मी बसून काय करू?"

तिला ते कळलं की नाही कोण जाणे. तिनं त्याच्या ताटात आणखी थोडा भात वाढला.

शुक्रवारी संध्याकाळी, उजेड असतानाच, ती कामावरून आली आणि सरळ गच्चीत गेली. तो कुंडीसमोर गुडघे टेकून बसला होता. डोळ्याला भिंग लावलेलं होतं. डाव्या हाताच्या दोन बोटांत कळी होती आणि उजव्या हातात कोरणी. कळीचं टोक जरासं सुटलं होतं. खालच्या हिरव्या वाटीतून पाकळ्यांची घट्ट पिळलेली गुंडाळी वर आली होती. कोरणीचं टोक त्या गुंडाळीच्या कडेत घातलेलं होतं.

"काय करताय?"

त्याचा हात थांबला. "रंग बघत होतो."

"उद्या दिसेल ना."

"जरा अडकल्यासारखी वाटली. एक पाकळी दुसरीखाली..."

ती पुढे आली. कडेची पाकळी टोकाशी थोडी फाटली होती. तिनं ती पाहिली, त्यानं तिला पाहताना पाहिलं. मग त्यानं भिंग काढलं, कोरणी फरशीवर ठेवली. हात मांडीवर ठेवले. ते तिथेही स्वस्थ नव्हते. बोटं एकमेकांना चोळत होती.

"सकाळच्या गाडीनं जा," बायको म्हणाली.

"आणि ही?"

"हिला मी सांभाळते."

"पाणी मातीला बोट लावून..."

"बोट लावणार नाही, पाणी घालणार नाही, कुंडी हलवणार नाही. चहा घेऊन इथे बसेन. उमलली तर उमलली."

तो हसल्यासारखं करून म्हणाला, "याला सांभाळणं म्हणतात?"

"तुम्हीच सगळ्या गल्लीला सांगता," ती म्हणाली आणि फरशीवरची कोरणी उचलून आत घेऊन गेली.

गाडीत त्याला खिडकीची जागा मिळाली. शेजारचा माणूस गाडी सुटताच झोपला आणि त्याचं डोकं याच्या खांद्यावर आलं. एरवी यानं ते हळूच पलीकडे सारलं असतं. रस्त्याला खड्डे होते. प्रत्येक खड्ड्याला त्याला गच्ची आठवत होती. कुंडीखाली कडेला एक खापरी लावलेली होती, ती नीट बसली होती की नाही कोण जाणे. तीनदा त्यानं फोन बाहेर काढून परत खिशात ठेवला. चौथ्यांदा तो आपणहून वाजला.

"उमललं," बायको म्हणाली.

तो सरळ बसला. शेजारच्याचं डोकं दचकून उठलं. "रंग?"

"सांगू का खरं?"

"सांग."

"तुमच्या आत्याबाईंची कवळी आठवते? तिला जो दाताचा रंग लावला होता, तो."

"पिवळट?"

"पिवळट म्हणजे, जुना. खूप चहा प्यायलेला."

त्याला हसू फुटलं. इतकं की पुढच्या बाकावरची बाई वळून बघायला लागली. दोन वर्षं. पुडीतला पराग, मलमलचं टोपडं, कानशीचे ओरखडे, आणि शेवटी आत्याबाईंचे दात.

"पण मध्ये लाल आहे," बायको सांगत होती. "अगदी आत. नळीत पहिल्यांदा रक्त उतरतं ना, तसा गडद. आणि तिथून बाहेर रेघा गेल्यात. मला आवडलं. एक पाकळी तेवढी कडेला फाटकी आहे."

"ती मी."

"माहीत आहे. फोटो पाठवू?"

त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. शेतं मागे पडून घरं लागायला लागली होती. "नको," तो म्हणाला. "आता उतरायचंय."

दादाच्या घराचं दार उघडंच होतं. बाहेरच्या खोलीत खोकी रचलेली, गाद्या दोरीनं बांधलेल्या, भिंतीवर चित्रं उतरवल्याचे फिकट चौकोन. मधोमध एक टेबल आणि दोन खुर्च्या तेवढ्या अजून बांधलेल्या नव्हत्या. वहिनी पिशवी घेऊन बाहेर पडतच होत्या. त्यांनी त्याच्याकडे नीट पाहून घेतलं, जणू ओळख पटवत होत्या.

"आलात, बरं झालं भाऊजी," त्या म्हणाल्या. "मी दुकानातून जरा दोरी घेऊन येते. आत आहेत." जाताना हळूच म्हणाल्या, "मध्ये मध्ये करू नका हं."

दादा आतून आला. बारीक झाला होता. चालताना भिंतीला एक हात लावत होता. उजवा हात पोटाशी धरलेला, पण तिथेही तो आपल्याच नादात हलत होता, आत पाखरू धरल्यासारखा.

"आलास."

"हो."

"बस. चहा टाकतो."

"कशाला, मी..."

"बस म्हटलं ना."

तो बसला. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं आणि सगळं दिसत होतं. काडी पेटायच्या आत तीन विझल्या. पातेल्यात पाणी पडलं तसं ओट्यावरही पडलं. डबा उघडताना झाकण खाली पडून गोल गोल फिरत राहिलं. तो खुर्चीवरून अर्धा उठला, पुन्हा बसला. शेवटी त्यानं दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर भार देऊन बसला.

"धंदा कसा चाललाय?" दादानं आतूनच विचारलं.

"चाललाय. परवा एक कॅप परत आली."

"तुझी?"

"रंग चुकला."

आत चमचा कपाला लागून टिणटिण वाजत राहिला. साखर ढवळायला लागतो त्यापेक्षा खूप जास्त वेळ.

दादा एकेक कप घेऊन आला. दोन खेपा. टेबलापर्यंत येईतो बशीत तळं झालं होतं, त्यातलं बरंचसं टेबलावरही आलं. दादा समोर बसला, श्वास घेतला.

"त्या खाचेबद्दल एक विचारायचं राहिलं होतं," तो म्हणाला.

याच्या मांडीखालचे हात आवळले गेले.

"सरळ होती ती. मी डाव्या हातानं उजवं मनगट धरून मारली होती. पात्यानं कापल्यासारखी आली होती." दादानं टेबलावरचा ओघळ बोटानं उगाच पुढे नेला. "थरथरणाऱ्या हातानं तशी खाच पडत नाही. हे तुला कळलं नसेल, असं मला कधी वाटलं नाही."

रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

"कळलं होतं ना?"

त्यानं मान हलवली. हो म्हणून.

"मग तरी बुजवलीस."

"बुजवली."

दादा बराच वेळ त्याच्याकडे बघत होता. रागानं नाही. साचा उघडताना आत काय निघतंय ते बघायचा, तसा. मग त्यानं एवढंच केलं की समोरचा कप याच्याकडे सरकवला. कप हिंदकळला. बशीतला चहा काठावरून ओसंडला आणि टेबलावरून एक बारीक ओघळ याच्या बाजूला यायला लागला.

"सध्या दातांशिवाय काय करतोस?"

"जास्वंद लावतो," तो म्हणाला. "बियांपासून. एकाला आज पहिलं फूल आलं."

"आज?"

"सकाळी."

"एकच दिवस टिकतं ना ते?"

"हो."

दादानं स्वतःचा कप दोन्ही हातांत धरून वर उचलायला सुरुवात केली. कप वाटेत थांबत, डगमगत चालला होता. "मग तिथे कोण बघतंय त्याला?"

"ही बसलीय शेजारी. बाकी कुणी काही करत नाहीये."

ओघळ टेबलाच्या कडेला आला, क्षणभर तिथे साठला आणि थेंब थेंब त्याच्या पांढऱ्या पँटीवर, गुडघ्यावर पडायला लागला. फडकं समोरच होतं, दादाच्या खुर्चीच्या पाठीवर. त्यानं गुडघा हलवला नाही. हात बाहेर काढले, आपला कप उचलला आणि दादाचा कप ओठांपर्यंत पोचायची वाट बघत थांबला.